सातशे एकोणपन्नास दिवस

पत्र शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या डब्याखाली सापडलं, आणि सापडलं ते नेमकं वकीलबाईला. तिच्या नवऱ्याच्या, वायरमनच्या हाती लागलं असतं तर त्याने ते न वाचताच परत ठेवलं असतं. दादाच्या हाती लागलं असतं तर चष्मा शोधण्यात अर्धा तास गेला असता आणि तेवढ्यात चिमीआत्याने ते गायब केलं असतं. पण भाचेसून स्कर्टचं तुटलेलं हूक बदलायला म्हणून खण उपसत बसली होती, आणि त्या लिफाफ्यावरचा निळा पट्टा ती ऑफिसात रोज पन्नास वेळा बघत होती.

ती काही वकील नव्हती. ज्या वकिलाकडे फक्त व्हिसा, मुक्काम आणि नागरिकत्व एवढ्याच भानगडी यायच्या, त्याच्याकडे ती फायली तयार करायची. पण लग्न होऊन या घरात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्याने, म्हणजे दादाने, तिला वकीलबाई म्हणायला सुरुवात केली होती आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

"आत्या, हे कधी आलं?"

चिमीआत्याने हातातल्या पॅन्टच्या पट्टीतली टाचणी काढून ओठांत धरली. ओठांत टाचणी असली की तिला बोलावं लागत नसे. ही युक्ती अख्ख्या घराला माहीत होती.

"टाचणी काढा आणि सांगा."

"झाले असतील पाच-सहा आठवडे."

"सहा आठवडे? आत्या, मुदत महिनाअखेरची आहे! नऊ दिवस उरलेत!"

मुदत हा शब्द ऐकताच खिडकीपाशी पेंगत असलेला दादा सरळ बसला. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. मागच्या बाकापर्यंत पोचेल असाच त्याचा आवाज होता. "कसली मुदत? कुणाची?"

महिन्यातून एका रविवारी सगळे चिमीआत्याकडे जमायचे. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, इस्त्रीचं टेबल आणि लोकांनी दुरुस्तीला टाकलेले कपडे. पाहुणे आले की कपड्यांचा ढीग पलंगावर जायचा आणि टेबलावर बशा मांडल्या जायच्या. आज जेवणं नुकतीच आटोपली होती. स्वयंपाकघरात वहिनी भांडी विसळत होती आणि वायरमन दाराच्या मोडक्या घंटीत तोंड घालून बसला होता.

वकीलबाईने पत्र वाचून दाखवलं. जुन्या पासपोर्टात ज्यांच्याकडे कायम मुक्कामाचा शाईचा शिक्का आहे, त्यांनी या महिन्याच्या अखेरीपर्यंत नव्या कार्डासाठी अर्ज करावा. त्यानंतर शाईचा शिक्का ग्राह्य धरला जाणार नाही.

"सत्तेचाळीस वर्षं चालला की माझा शिक्का," चिमीआत्या म्हणाली.

"आता नाही चालणार. एक तारखेपासून घरमालक कार्ड मागणार, दवाखाना कार्ड मागणार, पेन्शनवालेही मागणार. तुमचं नाव त्यांच्या कॉम्प्युटरवर नसेल तर तुम्ही इथे नाहीच." वकीलबाईचा आवाज थोडा चढला. मागच्याच आठवड्यात तिने एका म्हाताऱ्या सुताराची फाइल हाताळली होती. चाळीस वर्षं या शहरात खुर्च्या-टेबलं करत होता. त्याला देश सोडून जाण्याची नोटीस आली होती. पत्रातल्या गठ्ठा-गठ्ठा मजकुरातलं एक वाक्य वाचायचं राहिलं, एवढाच त्याचा गुन्हा. "साधा फॉर्म आहे, आत्या. बसून दोघी भरू. उद्या मी सुट्टी काढते."

"नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. बघू पुढचं पुढे."

दादा उठून उभा राहिला. "हिचं हे असंच! तीस वर्षं सांगतोय, नागरिकत्व घे, नागरिकत्व घे. आम्ही सगळ्यांनी घेतलं. हिला तेव्हाही नको, आताही नको. चिमे, अगं मी आलो तेव्हा..."

"...गोदीवरच्या साहेबाने फक्त तुमचे हात बघितले," वायरमन घंटीत तोंड ठेवूनच म्हणाला.

"बघितलेच! हात बघितले, विचारलं जड गाडी चालवशील का, म्हटलं चालवीन. ठाप! शिक्का. पाच मिनिटं लागली नाहीत. बस कंपनीला माणसं हवी होती, सरकारला माणसं हवी होती. आमच्यापैकी कुणी परत जाऊ नये म्हणून विनवण्या करत होते त्या काळी."

गोष्ट शंभरदा ऐकलेली होती, पण तिचा पुढचा भागही ठरलेला होता. एकाच घरातली माणसं, पण प्रत्येकाला दार वेगळं लागलं होतं. दादाला हात बघून घेतलं. चार वर्षांनी चिमीला घेतलं, ते भावावर अवलंबून असलेली अविवाहित बहीण म्हणून. बाविशीत आली आणि पुढच्याच वर्षी बहिणींचा तो नियम रद्द झाला. वहिनी आली तोवर सरकारला लग्नांचाच संशय येऊ लागला होता. नवऱ्याला एका खोलीत आणि बायकोला दुसऱ्या खोलीत बसवून विचारायचे, पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता? दादा म्हणाला उजवीकडे, वहिनी म्हणाली डावीकडे, कारण ती पायथ्याकडून सांगत होती. तेवढ्यावर अकरा महिने घोडं अडलं. वायरमन इथेच जन्मला म्हणून आपोआप इथला झाला. चार वर्षांनी जन्मला असता तर नुसतं जन्मून भागलं नसतं, आईबापांचे कागद लागले असते. आणि वकीलबाईच्या वेळेला तर चक्क गुण मोजत होते, शिक्षणाचे इतके, भाषेचे इतके. तिशी उलटली म्हणून तिचे पाच गुण कापले होते, ते ती अजून विसरली नव्हती.

"म्हणून सांगतो," दादाने समारोप केला, "हे लोक नियम बदलतात. आज बदलला, उद्या आणखी बदलतील. दार उघडं आहे तोवर आत जाऊन बसावं माणसाने."

"मी आतच आहे," चिमीआत्या म्हणाली आणि पॅन्ट उचलून पलंगावरच्या ढिगात ठेवायला निघून गेली.

वकीलबाईला राग आला. आणि त्या रागाच्या तळाशी आणखी एक जुना राग होता, तोही वर आला. आठ वर्षांपूर्वी तिचं लग्न तिच्या माहेरी, तिकडे, झालं तेव्हा हीच आत्या आली नव्हती. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात ही बाई तीन जिने चढून कुणाचे तरी पडदे मापून आली होती. तिला आपण पसंत नव्हतो, हे वकीलबाईने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. वायरमनला आत्याने सांभाळून मोठं केलेलं. सून तिच्या मनासारखी नसेल, तर नसेल.

"तुमची बहीण ऐकत नाही, बाबा," ती दादाला म्हणाली. "तुम्हीच सांगा. मी काय परकी."

स्वयंपाकघरात वहिनीने नळ बंद केला.

बाहेरचा शब्द न् शब्द तिला ऐकू आला होता. तिने हात पुसले, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चिमीचं आणि तिचं चाळीस वर्षांत कधी मनापासून जमलं नव्हतं. पहिली वीस वर्षं दोघी एकाच घरात, एकाच ओट्यावर होत्या. भाजी कशी चिरायची इथपासून पोराला स्वेटर कधी घालायचा इथपर्यंत एकही गोष्ट वादाशिवाय झाली नव्हती. पुढे चिमीने ही जागा घेतली तेव्हा दोघींचाही जीव भांड्यात पडला होता. तरीही या एका बाबतीत वहिनीने आजवर तोंड उघडलं नव्हतं. नवऱ्याजवळसुद्धा नाही.

चिमी आत आली, कपाटातून कप काढू लागली. दोन कप एकमेकांवर आपटले.

"राहू दे, मी काढते," वहिनी म्हणाली.

"काढते मी."

"फुटतील चिमे, तुझे हात बघ."

चिमीने हात मागे घेतले. वहिनीने कप मांडले, साखर घातली, आणि पाठमोरी राहूनच हळू म्हणाली, "त्या पोरीला सांगून टाक. तिचं रोजचं काम आहे ते. तिला वाट माहीत असेल."

"काय सांगू?"

"तेच."

चिमीआत्याने कपाटाचं दार लावलं. चहा उकळून वर आला, तो वहिनीने पटकन खाली ओढला.

"तुम्हाला ठाऊक आहे?" चिमीने विचारलं.

"चहा घेऊन चल बाहेर. उभ्याने नको."

बाहेर दादा अजून तापलेलाच होता. वहिनीने ट्रे ठेवला आणि त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली. "जरा गप्प बसता का? तिला बोलू दे."

दादा चकित झाला. बहिणीला कुणी बोललं की एरवी बायकोला बरं वाटायचं, निदान तो तसं समजत आला होता. आज गाडीने भलतंच वळण घेतलं होतं. वायरमननेही स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

चिमीआत्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसली. बसायला दुसरी जागा होती, पण तिला तिथेच बसायचं होतं.

"त्या फॉर्मात अकरावा प्रश्न आहे," ती म्हणाली. "वाचलाय मी. सलग दोन वर्षांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर होता का? नागरिकत्वाच्या फॉर्मातही होता. सगळ्याच फॉर्मांत असतो तो."

"मग? आईच्या वेळी तू होतीस दोन वर्षं," दादा म्हणाला. "दोन वर्षांपर्यंत चालतं. तेव्हाही चालायचं."

"दोन वर्षं नाही, दादा. जास्त."

आई तिकडे अंथरुणाला खिळली तेव्हा वायरमन पाच वर्षांचा होता. आईला इकडे आणायचा अर्ज दादाने केला होता, तो फेटाळला गेला. तिकडे जवळचं दुसरं कुणीही नसेल तरच आईबापांना येऊ द्यायचं, असा त्या वेळचा नियम होता, आणि आईची एक चुलत बहीण तीन गल्ल्यांपलीकडे राहायची. ती स्वतः आंधळी होती, पण फॉर्मात आंधळेपणाचा रकाना नव्हता. मग कुणीतरी जायला हवं होतं. नागरिकत्वासाठी दादाची जी पाच वर्षं मोजत होते, त्यातलं चौथं चाललं होतं. त्या पाच वर्षांत नव्वद दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. वहिनीला लहान मूल. चिमीकडे तो अमर्याद मुदतीचा शिक्का होता. तिला कुणी जा म्हणालं नाही. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात ती चादरी शिवायची, तिथून बिनपगारी रजा घेऊन ती आपणच निघाली.

"परतीचं तिकीट काढलेलं होतं," चिमीआत्या सांगत होती. "दोन वर्षं भरायच्या चार दिवस आधीचं. बॅगही भरली होती. पण आईचं खाणं त्याच आठवड्यात बंद झालं. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या. मी तिकीट रद्द केलं. मला तारीख माहीत होती, दादा. माहीत नव्हती असं नाही. त्या तारखेला मी दिवसभर तिच्या उशाशी बसून होते. पुढे आई अकरा दिवस राहिली. मग सगळं आवरून, घराच्या किल्ल्या देऊन निघायला आणखी आठ दिवस लागले."

दादाने चहाचा कप बाजूला सारला.

"इथे विमानतळावर काउंटरला एक बाई होत्या. सर्दी झालेली होती त्यांना, सारख्या नाक पुसत होत्या. किती दिवस बाहेर होता म्हणाल्या. मी म्हटलं, दोन वर्षं. वरचे दिवस गिळले मी. त्यांनी पानं उलटली, इथे कोण आहे विचारलं, काम काय करता विचारलं. आणि शिक्का मारला. त्यांची चूक झाली, दादा. त्यांनी नीट मोजलं नाही. मी बाहेर आले तर तुम्ही तिघं दाराशी उभे होतात. तेव्हापासून मी एकही फॉर्म भरला नाही, आणि देशाबाहेर पाऊल टाकलं नाही. कुणी पुन्हा मोजलं तर?"

"एकतीस वर्षं?" वायरमन पुटपुटला.

"म्हणून आमच्या लग्नाला..." वकीलबाईच्या तोंडून निघून गेलं.

चिमीआत्याने तिच्याकडे पाहिलं. "गुडघा चांगला ठणठणीत होता गं माझा. तुला शिवलेला तो हिरवा ब्लाउज पाठवला होता ना, त्याच्याबरोबर स्वतःसाठीही कापड आणलं होतं. नंतर त्याचे उशांचे अभ्रे केले."

 आठ वर्षं वकीलबाईने हा सल जपला होता, अधूनमधून नवऱ्याला टोचलाही होता. तिने उगाचच चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"सातशे एकोणपन्नास," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"सातशे एकोणपन्नास दिवस होतीस तू तिकडे. हा," तिने वायरमनकडे बोट दाखवलं, "रोज सकाळी विचारायचा, आत्या आज येणार का? म्हणून मी कॅलेंडरवर एकेक दिवस खोडायची. सातशे तीस झाले त्या दिवशी मला कळलं, आता हिला अडवतील. पण तू आलीस. मग मी काही बोलले नाही. यांनाही नाही सांगितलं. यांच्या पोटात काही राहत नाही."

दादाने आक्षेप घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आणि तुम्ही मला कधी..." चिमीआत्या म्हणाली.

"भाजीवरून भांडत होते ते पुरे नव्हतं का?" वहिनी म्हणाली. तिने पदराने डोळे नव्हे, चष्मा पुसला. निदान तसं दाखवलं. "तू तिथे होतीस म्हणून मी इथे पोराला घेऊन घरात बसू शकले. तेवढं कळत होतं मला."

वकीलबाई उठली. आता तिचा चेहरा ऑफिसातला झाला होता. "आत्या, तो जुना पासपोर्ट आहे ना?"

पासपोर्ट पलंगाखालच्या ट्रंकेत, जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. कोपरे वाकलेले, मधलं पान सुटं. वकीलबाईने तो खिडकीपाशी उजेडात नेला, एकेक पान उलटलं आणि शेवटून तिसऱ्या पानावर थांबली. तिने फोनचा दिवा लावला. मग नवऱ्याला म्हणाली, "ये इकडे. हा आकडा वाच. मला खात्री करायची आहे."

वायरमन वाकला. शिक्क्याच्या खाली, पानाच्या कडेला, निळ्या शाईत बारीक अक्षरं होती. "सात... चार... नऊ."

"आणि त्याच्या पुढे?"

"कंसात आर आणि बावीस. खाली सही."

"तो आकडा होय?" चिमीआत्या म्हणाली. "मला वाटलं काउंटरचा नंबर असेल."

"नाही, आत्या." वकीलबाई सावकाश बोलत होती, अशा गोष्टी सावकाश सांगायच्या असतात हे ती नोकरीत शिकली होती. "जाण्याची तारीख आणि येण्याची तारीख, दोन्ही इथे आहेत. त्या बाईंनी वजाबाकी केली. सातशे एकोणपन्नास आला, तो लिहून ठेवला. आणि हा आर म्हणजे रूल, आर बावीस म्हणजे तेव्हाच्या नियमावलीतलं बाविसावं कलम. दोन वर्षं उलटली असली, तरी ज्याचं घरदार, माणसं, नोकरी इथेच आहे, त्याला परत घ्यायचा अधिकार काउंटरवरच्या अधिकाऱ्याला होता. पुढे काढून टाकलं ते कलम, आता तो अर्ज वेगळा करावा लागतो. पण तेव्हा होतं. म्हणून तर विचारलं त्यांनी, इथे कोण आहे, काम काय करता. वेळ घालवायला नव्हतं विचारलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला चुकून नाही घेतलं. मोजून घेतलं."

चिमीआत्याने पासपोर्ट हातात घेतला. एकतीस वर्षांत तिने ते पान किती वेळा उघडलं असेल याची गणती नव्हती, आणि दर वेळी त्या आकड्यावरून तिची नजर घसरून शिक्क्यावर गेली होती. त्या बाई नाक पुसत होत्या, चेहरा नीट दिसलाही नव्हता. त्यांना सगळं कळलं होतं. आपण दिवस गिळले तेही कळलं असणार. आणि त्यांनी काही न बोलता आकडा लिहिला, सही केली आणि पासपोर्ट पुढे सरकवला.

"अरे देवा," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली. आधी हळू, मग खांदे हलायला लागले. वहिनीही हसू लागली. "एकतीस वर्षं! वहिनी, मी एकतीस वर्षं पोलिसांची गाडी दिसली की रस्ता ओलांडायची हो!"

"आणि आम्हाला वाटायचं तुला तिकडच्या बाजूची दुकानं आवडतात," वायरमन म्हणाला, तेव्हा दोघींना हसू आवरेना.

फक्त दादा हसला नाही. तो खिडकीकडे वळून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईने खरोखर सुट्टी काढली. कचेरीत तिघं गेले. दादाने मी येणारच म्हणून हट्ट धरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर लाल आकडे बदलणारी पाटी, आणि हातात प्लास्टिकच्या फायली धरून बसलेली सगळ्या वयाची माणसं. शेजारी एक तरुण जोडपं एकमेकांची परीक्षा घेत होतं. नवरा विचारत होता, तुझ्या आवडीचा साबण कुठला? वहिनीचा पलंग आठवून दादाला हसू आलं.

अकराव्या प्रश्नाखाली कारण लिहायला चार ओळी होत्या. वकीलबाईने आदल्या दिवशीच मसुदा तयार केला होता: वृद्ध व आजारी मातेच्या शुश्रूषेसाठी, अपरिहार्य परिस्थितीत, वगैरे. चिमीआत्याने तो वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर वकीलबाईने कागद पुढे ओढला. आई आजारी होती. मी तिच्याजवळ राहिले. मुदत संपल्याचं मला माहीत होतं.

"आत्या, शेवटचं वाक्य कशाला? त्याची गरज नाही."

"असू दे. एकदा लिहायचं होतं."

वकीलबाईने पेन्सिल उचलली, क्षणभर विचार केला आणि परत ठेवली. फाइलला तिने बाविसाव्या कलमाची जुनी प्रत जोडली होतीच. तेवढ्याने भागलं असतं. मग तिने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात तिने यापूर्वी कधी ठेवला नव्हता. "आत्या, कार्ड आलं की आपण दोघी तिकडे जाऊ. माझी आई विचारत असते."

"काय विचारते?"

"गुडघा कसा आहे म्हणून."

काउंटरवरच्या मुलाने फॉर्म वाचला, पासपोर्टचं पान भिंगाखाली धरलं, जोडलेली प्रत चाळली. शेवटच्या वाक्यापाशी तो थबकला आणि त्याने वर पाहिलं. चिमीआत्याने नजर चुकवली नाही. त्याने पुढचं पान उलटलं, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला आणि तीन आठवड्यांत कार्ड घरी येईल असं सांगून पुढचा नंबर पुकारला. एवढंच. वीस मिनिटंही लागली नव्हती.

वकीलबाई तिथूनच ऑफिसला गेली; सुट्टी असूनही तिला त्या सुताराची फाइल पुन्हा बघायची होती. भाऊ-बहीण बसथांब्यावर येऊन उभे राहिले. ऊन कोवळं होतं. दादा दोन-तीनदा खाकरला.

"चिमे, तेव्हा जायला मी हवा होतो."

तिच्या तोंडाशी 'असू दे' आलं होतं. तीस वर्षं ती असंच काहीतरी म्हणत आली होती. पण आज ते शब्द बाहेर आले नाहीत.

"हो," ती म्हणाली. "जायला हवं होतंस."

दादाने मान हलवली. त्याला लागलं, पण बरंही वाटलं. कुणीतरी हिशेबाचं नव्हे, मनातलं बोललं होतं. "राग यायचा तुला?"

"यायचा ना. फार यायचा. मग घरी यायचे तर तू पोराला खांद्यावर घेऊन जिन्यात उभा असायचास, माझी पिशवी घ्यायला. तुझ्यावर रागवायचं तर पिशवी खाली ठेवावी लागली असती."

दादा हसला आणि त्याने रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. बस आली. ड्रायव्हरने थांब्याच्या चार हात पुढे नेऊन ब्रेक मारला, त्यावर दादा काहीतरी पुटपुटला. दोघं चढले. चिमीआत्याने खिडकीची जागा घेतली आणि तो शेजारी बसला.

"त्या शेवटच्या एकोणीस दिवसांचं मी कधी कुणाला काही सांगितलंच नाही," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर दिवस मोजले गेले असते. आईचे ते अकरा दिवस, त्यात ती बोलत होती रे, थोडं थोडं. तुझ्याबद्दलही बोलली. तुला ऐकायचंय?"

"सांग."

"पहिल्या दिवसापासून सांगते."

"पहिल्या दिवसापासूनच सांग."

तिने सुरुवात केली. बाजार गेला, शाळा गेली, पूल गेला. तिसऱ्या दिवसापर्यंत ती आली तेव्हा त्यांचा थांबा आला. दोघांनीही तो पाहिला. दार उघडलं, दोन माणसं उतरली, एक बाई चढली, दार मिटलं. दादा जागचा हलला नाही. "मग? चौथ्या दिवशी?" त्याने विचारलं, आणि बस पुढे निघाली.